ब्राव्होकाका

ब्राव्होकाकांना ते नाव मुलांनी दिलं होतं आणि चिडून दिलं होतं. दरवर्षी गणपतीत सिंगापुरातल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असायचा. त्यासाठी मुलांचं नाटक काका बसवायचे. दोन-अडीच महिने दर शनिवारी तालीम घ्यायचे, पण एवढ्या काळात कुठल्याही मुलाला 'छान' म्हणायचे नाहीत. 'पुन्हा', 'आवाज पोहोचला नाही' आणि फारच झालं तर 'ठीक', एवढीच त्यांची शब्दसंपत्ती. एका मुलानं कंटाळून विचारलं होतं, "काका, तुम्हाला कधी काही आवडतं का?" काका म्हणाले होते, "आवडलं की मी ब्राव्हो म्हणेन. म्हटलं नाही, म्हणजे आपण अजून तिथे पोचलो नाही." पोरं वाट बघत राहिली. ब्राव्हो काही ऐकू आलं नाही, पण नाव चिकटलं.

सार्सची साथ संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्याहून सिंगापूरला आले. नोकरी वन-नॉर्थला होती आणि राहायला यिशुनमध्ये काकांच्या फ्लॅटमधली एक खोली मिळाली. फ्लॅट सातव्या मजल्यावर. ब्लॉक जुना होता आणि लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबायची नाही. पहिला, पाचवा, नववा, बस. पहिल्या दिवशी माझी बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरताना काकांनी विचारलं, "पाचव्यावर उतरून दोन मजले चढायचे, की नवव्यावरून दोन उतरायचे? निवड तुझी. भाड्यात हे स्वातंत्र्य धरलेलं आहे." चेहरा अगदी गंभीर. हा माणूस विनोद करतोय हे कळायला मला आठवडा लागला.

तंजोंग पगारच्या एका शिपिंग कंपनीत ते हिशेबतपासणीच्या खात्यात होते. उंच, किडकिडीत, कायम इस्त्रीचा शर्ट. शैलाकाकू घर बघायच्या आणि मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी, सेकंडरी शाळेत जायची. काका मराठीत विचारायचे आणि मुक्ता इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांनाही त्यात काही खटकत नसे.

ब्राव्हो या शब्दाबद्दल मात्र त्यांना खटकण्यासारखं पुष्कळ असायचं. माझ्या ऑफिसात कोणी वेळेवर फाइल पाठवली तरी मेलवर 'ब्राव्हो' येतं, असं मी एकदा जेवताना सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मूळ शब्द इटालियन," ते म्हणाले. "तिकडे पुरुषाला ब्राव्हो म्हणतात, बाईला ब्राव्हा आणि पुष्कळ जण असतील तर ब्राव्ही. इंग्रजांनी एकच उचलला आणि सगळ्यांना वापरला. ब्रेव्ह हा त्याचाच भाऊ. आणि तुमचे लोक तो फाइलला म्हणतात?"

"मग मराठीत काय म्हणायचं त्याला? शाब्बास?" मी विचारलं.

"छे. शाब्बास वरून खाली येतं. मोठ्यानं लहानाला म्हणायचं. तू मला शाब्बास म्हणशील का? ब्राव्हो खालून वर जातं. म्हणणारा अंधारात खाली बसलेला असतो आणि करणारा वर उजेडात उभा असतो."

"मग वाहवा?"

"वाहवा मध्येच म्हणतात. त्याचा अर्थ, चालू दे. ब्राव्हो शेवट झाल्यावर म्हणतात. झालं, पुरं झालं, आता यात काही घालायचं उरलं नाही, असा त्याचा अर्थ."

काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, "माझी आमटी रोज शेवटाला जाते. तिला कधी ऐकलं नाही."

"आमटी उद्याही करायची आहे तुला," काका म्हणाले आणि जेवायला लागले.

हा शब्द त्यांना भेटला होता तो सिंगापुरातल्या त्यांच्या पहिल्या वर्षी. ऑफिसातल्या कोणीतरी मैफलीचं एक जादाचं तिकीट दिलं होतं. पाश्चात्त्य संगीत, त्यातलं त्यांना काही कळलं नाही. पण कार्यक्रम संपला तेव्हा त्यांच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा चिनी माणूस काठी टेकत उभा राहिला आणि एवढ्या मोठ्यांदा 'ब्राव्हो' म्हणाला, की त्याला खोकल्याची उबळ आली. "मला संगीत आठवत नाही," काका सांगायचे. "तो म्हातारा आठवतो. आपल्याला असं उठून उभं राहावंसं कधी वाटलं होतं, हे मी घरी येईपर्यंत आठवत होतो. काही सापडलं नाही."

मी त्यांना उठून उभं राहिलेलं एकदाच पाहिलं. त्या वर्षीच्या गणपतीत मुलांच्या नाटकात मुक्ता राणी झाली होती आणि तिनं काम चांगलं केलं होतं. मला आठवतंय, लोक हसले होते आणि हवं तिथे गप्पही झाले होते. नाशिकहून आपल्या मुलाकडे आलेल्या लिमयेआजी नाटकानंतर ओव्या म्हणायला उभ्या राहिल्या. दुसऱ्याच ओवीला माइक बंद पडला. कार्यकर्ते धावले, वायरी ओढू लागले. आजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, आवाज चढवला आणि शेवटच्या रांगेतल्या तान्ह्या पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांपर्यंत सगळ्या ओव्या पोहोचवल्या. त्या थांबल्या आणि काका उभे राहिले. "ब्राव्हो," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दुरुस्त केलं, "ब्राव्हा."

मुक्ता राणीच्या जरीच्या साडीत माझ्याशेजारी बसली होती. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मी तिला म्हटलं, "तू फार छान केलंस." ती इथल्या लाह-आह लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, ताई," आणि पिना काढत बसली.

मी नंतर काकांना त्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "ती अजून चालू आहे. तिला आत्ताच पुरं झालं म्हणून सांगू?" मला ते पटलं. मुक्ताला कोणी हे सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी काकू बाजारात गेल्या होत्या. मुक्ता शाळेच्या कसल्याशा सरावाला गेली होती. काका ओट्यापाशी पपई कापत होते आणि मी टेबलाशी चहा पीत होते. त्यांनी काहीतरी विचारलं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. मी वळून बघितलं तर सुरी खाली पडली होती, उजवा हात ओट्यावरून घसरत होता आणि चेहऱ्याची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती. ते माझ्याकडे बघत होते. घाबरून नव्हे, तर माझ्या उत्तराची वाट बघत.

मी फोन केला. ॲम्ब्युलन्स लवकर आली. पण स्ट्रेचर लिफ्टपर्यंत न्यायला दोन मजले जिना उतरावा लागला. शेजारचे रोस्लान, टॅक्सी चालवायचे ते, मलाय गृहस्थ, त्यांनी पायांकडची बाजू धरली. वळणावर स्ट्रेचर तिरकं करावं लागलं तेव्हा ते काकांना सारखं म्हणत होते, "ओके आह, ब्रदर, ओके आह."

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काही दिवस ते नुसते पडून होते. लोकांचं बोलणं कळत होतं, असं डॉक्टर म्हणाले. "डोळे बंद करा" म्हटलं की करत होते.

मग एका दुपारी मुक्ता शाळेतून सरळ हॉस्पिटलात आली. अंगावर गणवेश, पाठीवर दप्तर, केस घामानं कपाळाला चिकटलेले. काकू आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना होतो. काकांनी तिला दारात पाहिलं, ओठ हलवले, खूप जोर लावला आणि स्वच्छ म्हणाले, "ब्राव्हो."

मुक्ता जागच्या जागी थांबली. काकूंनी तोंडावर हात घेतला. मुक्ता पलंगापाशी आली, दप्तरासकट गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या डाव्या हातावर डोकं टेकून रडायला लागली. ती रडत होती आणि काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ब्राव्हो, ब्राव्हो." मलाही रडू येत होतं. माणूस परत आला असं वाटलं आम्हाला.

थोड्या वेळानं नर्स नळी बदलायला आली. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "ब्राव्हो." नर्स हसली. तिनं नळी ओढली तेव्हा ते कळवळले आणि कळवळून म्हणाले, "ब्राव्हो." मग खिडकीकडे बोट केलं. पडदा ओढायला सांगत होते. त्यालाही तोच शब्द. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. नको होतं, मान हलवली आणि रागानं तेच म्हणाले.

मुक्तानं डोकं उचललं. तिला आमच्या आधी कळलं. ती उठली, तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. अशा रुग्णांची सगळी भाषा जाते आणि कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो. बोलायला जावं तर तोच बाहेर पडतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं 'हो' राहतं. हाच का राहिला, ते सांगता येत नाही. "ते निवडत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या मनात वेगळं काही असतं." काकूंनी विचारलं, "त्यांना स्वतःला ऐकू येतं का, काय बोलले ते?" डॉक्टर म्हणाल्या, "सुरुवातीला नाही. पुढे येईल."

ते घरी आले. आता लिफ्ट नवव्यावर थांबो की पाचव्यावर, त्यांना बाहेर काढायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन माणसांनी उचलायचं. त्यामुळे ते बाहेर जात नसत. काकू आणि मी त्या एका शब्दाची भाषा शिकलो. लांबवून म्हटला तर पाठ अवघडली आहे. दोनदा पटापट म्हटला तर बाथरूम. शेवट वर चढवला तर प्रश्न आहे आणि तो मात्र ओळखावा लागायचा. मुक्ता आली का? दार लावलं का? कुणाचा फोन होता? आम्ही एकेक विचारत जायचो आणि चुकलो की त्यांचा आवाज चढायचा. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून दिवसभर 'ब्राव्हो, ब्राव्हो' ऐकू यायचं. वरच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात मला म्हणाली, "युवर अंकल सो चिअरफुल, हॉर." मी हो म्हटलं.

वाचा-उपचारासाठी मिस टिओ म्हणून एक तरुण मुलगी घरी यायची. फार चिकाटीची. कप, पलंग, डॉक्टर अशी चित्रं लावलेला एक पुठ्ठा तिनं आणला होता. हवं त्यावर बोट ठेवायचं. काकांनी पहिल्या दिवशी चित्रं नीट पाहिली आणि पुठ्ठा डाव्या हातानं पालथा घालून ठेवला. असे रुग्ण पाठ असलेलं गाऊ शकतात, असं ती म्हणाली, म्हणून काकू रोज देवापुढे आरती म्हणताना त्यांची खुर्ची तिथे आणायच्या. काका चालीत तोंड हलवायचे. बाहेर तोच शब्द यायचा, चालीत. महिनाभर काकूंनी ते केलं. मग त्या मनातल्या मनात आरती म्हणायला लागल्या.

मुक्ता या सगळ्यात होती आणि नव्हतीही. पाणी द्यायची, उशी सरकवायची. काकांनी तिच्याकडे बघून काही म्हटलं की ती आम्हाला विचारायची, "व्हॉट डज ही वॉन्ट?" स्वतः अर्थ लावायची नाही.

पाध्ये हे काकांचे इथले सर्वांत जुने मित्र. नाटकांना पेटी तेच वाजवायचे आणि तालमीत काकांशी भांडायचे. त्या वर्षाच्या शेवटी ते हृदयविकारानं गेले. काकूंना वाटलं, सांगू नये. पण फोनवरचं बोलणं काकांनी ऐकलं होतं. त्यांनी कपाटाकडे बोट केलं, इस्त्रीच्या शर्टाकडे. रोस्लान आणि त्यांच्या मुलानं खुर्ची उचलली आणि आम्ही त्यांना मंडाईला घेऊन गेलो.

मंडाईच्या दहनगृहात लोकांना वरच्या दालनात नेतात. समोर काच असते आणि काचेपलीकडे खाली शवपेटी आपोआप सरकत येते, थोडी थांबते आणि भट्टीच्या दाराकडे जाते. सगळे काचेपाशी उभे होते. पाध्येवहिनींना त्यांच्या बहिणीनं धरलं होतं. काकांची खुर्ची पुढे होती. दिसावं म्हणून लोकांनीच पुढे घेतली होती. पेटी आली, थांबली, दार उघडलं, ती आत गेली आणि दार बंद झालं. कोणाचा आवाज नव्हता. त्या शांततेत काका डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून अर्धवट उठले आणि मोठ्यांदा म्हणाले, "ब्राव्हो."

लोक वळले. तिथे पाध्यांच्या ऑफिसातले पुष्कळ जण होते, त्यांना काकांबद्दल काही माहीत नव्हतं. एक गृहस्थ पुढे येऊन इंग्रजीत म्हणाले, "प्लीज, सर, हॅव सम रिस्पेक्ट." काका त्यांना समजावायला गेले, पुन्हा तेच बाहेर पडलं आणि मग त्यांना थांबताच येईना. शब्दावर शब्द येत राहिला. काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. काकांनी तो बाजूला सारला नाही. काकूंच्या हाताआडून काका लोकांकडे बघत होते आणि त्या वेळी त्यांनी स्वतःला ऐकलं, असं मला वाटतं.

ते तेव्हा काय म्हणत होते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. 'थांबा' म्हणत असतील, मित्राचं नाव घेत असतील. किंवा जे म्हटलं तेच म्हणायचं असेल. पाध्येवहिनी चार दिवसांनी काकूंना भेटायला आल्या. दोन मजले चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाईट नाही वाटलं हो. तिथे काहीतरी बोलले ते एकटेच." काका आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत.

त्या दिवसापासून काका बोलले नाहीत. आधी आम्हाला वाटलं, थकले असतील. मग कळलं, त्यांनी तोंड मिटलं आहे. पाठ दुखली तरी, बाथरूमला जायचं असलं तरी ते ओठ घट्ट दाबून बसायचे आणि हातानं गादीवर थापटायचे. मिस टिओ दोन-तीन वेळा येऊन गेली. आणखी एक झटका येऊन गेला असेल म्हणून तिनं तपासण्या करवल्या. तसं काही नव्हतं. जिन्यात ती मला म्हणाली, "अंकल कॅन टॉक. अंकल डोन्ट वॉन्ट." तिचे डोळे भरले होते. माझ्याहून लहान होती ती.

घर एकदम शांत झालं. ती शांतता मुक्ताला सहन झाली नाही. एका संध्याकाळी ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, से लाह. आय डोन्ट माइंड. एनीथिंग, से." काकांनी मान फिरवली. तिनं पुन्हा म्हटलं. ते खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती उठली नाही. उलट बसमध्ये एका बाईच्या पिशवीतून जिवंत खेकडा कसा बाहेर पडला आणि ड्रायव्हरनं बस कशी थांबवली, ते सांगायला लागली. काकांनी मान वळवली नाही, पण ते ऐकत होते.

मग ते रोजचं झालं. शाळेतून आली की हातपाय धुऊन ती त्यांच्यापाशी बसायची आणि दिवसभराचं सांगायची. शाळेच्या कँटीनमधले नूडल्स, गणिताच्या बाई, कुणाचं कुणाशी बिनसलं. आधी इंग्रजीतच. मग मध्ये मध्ये एखादं मराठी वाक्य, चुकीचं लिंग लावून. पूर्वीचे काका असते तर तिथेच थांबवून दुरुस्त केलं असतं. सकाळी शाळेला जायच्या आधी ती त्यांची दाढीही करायला लागली. काकूंना ते जमत नव्हतं. मुक्ता जीभ दातांत धरून, एकाग्र होऊन, गालाची लुळी बाजू दोन बोटांनी ताणून धरायची आणि पातं फिरवायची. काका डोळे मिटून बसायचे. त्या वेळी मी शक्यतो हॉलमध्ये जात नसे.

कंपनीनं बरेच महिने वाट पाहिली आणि मग त्यांना मोकळं केलं. काकूंनी एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम धरलं, पण मग दिवसा काकांपाशी कोण? रोस्लानची बायको डोकावून जायची. एकदा ती गेली तेव्हा काका बाथरूमच्या दारात पडलेले होते, किती वेळ ते कळलं नाही. त्यांनी हाक मारली नव्हती. भिंत पातळ होती, हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

त्या रात्रीच्या जेवणाला काकूंनी ठरवून टाकलं. काकांच्या भावाचं पुण्याला कोथरूडमध्ये तळमजल्यावरचं घर होतं. माणसं होती, हाताखाली बाई मिळाली असती. फ्लॅट विकायचा, काका-काकूंनी तिकडे जायचं आणि मुक्तानं इथेच वसतिगृहात राहून शिक्षण पुरं करायचं. मुक्ता म्हणाली, "मी येते." काकू म्हणाल्या, "तुला तिकडचे पेपर लिहिता येणार आहेत का?" काकू कडक बाई नव्हत्या. त्यांना तसं बोलावं लागलं.

चांगी विमानतळावर निरोप द्यायला मी आणि मुक्ता गेलो. रोस्लान आपल्या टॅक्सीनं सगळ्यांना घेऊन आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत जाऊन बसले. विमान कंपनीचा माणूस चाकाची खुर्ची न्यायला आला. मुक्ता वाकली, काकांची कॉलर सारखी केली आणि त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. तो माणूस थांबला. काकू म्हणाल्या, "अहो, सोडा आता. सुट्टीत येणार आहे ती." त्यांनी सोडलं नाही. ओठ घट्ट मिटलेले होते आणि हनुवटी हलत होती. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी मी आणि काकूंनी मिळून त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मुक्ताच्या मनगटावर वळ उमटले होते. ती ते दुसऱ्या हातानं झाकून उभी राहिली आणि खुर्ची आत गेली.

मी तेव्हा क्लेमेंटीला खोली घेतली होती. दर रविवारी दुपारी मुक्ता माझ्याकडे जेवायला यायची आणि जेवण झालं की पुण्याला फोन लावायची. तिकडे काकू फोन स्पीकरवर टाकून काकांच्या उशाशी ठेवायच्या. मग मुक्ता आठवडाभराचं सांगायची. वसतिगृहाची वॉर्डन, परीक्षेची तारीख, ईस्ट कोस्टला मैत्रिणींबरोबर सायकल चालवताना आपटली ते. माझ्या मोबाइलचाही स्पीकर चालू असायचा. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा, थोडा घरघरता. मधून मधून काकू म्हणायच्या, "ऐकताहेत गं. बोल तू." ती बोलायची. आता पुष्कळसं मराठीत.

काका गेले ते एका मंगळवारी दुपारी, झोपेत. मुक्ताची परीक्षा चालू होती. तिला कळवायचं की नाही यात तिकडे वेळ गेला आणि कळवलं तेव्हा सगळं उरकलं होतं. ती माझ्यापाशी रडली नाही, काकूंना दोष दिला नाही. उरलेले पेपर देऊन आली.

त्या रविवारी ती नेहमीच्या वेळेला आली. आम्ही जेवलो. मी भांडी घासत होते, तेव्हा तिनं फोन लावला. तिकडे उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. माझा नळ चालू होता, तो मी बंद केला. स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. काकू होत्या.

मुक्तानं मोबाइल जवळ ओढला. मग म्हणाली, "पेपर झाले. शेवटचा लांब होता, वेळ नाही पुरली. काल पाऊस फार पडलं इकडे. वसतिगृहाच्या जिन्यात पाणी आलं."

ती सांगत राहिली आणि काकूंनी तिला मध्ये थांबवलं नाही.